मिठागरवाला संशोधक

विनायक लक्ष्मण भावे (1871–1926) यांचा चरितार्थ मिठाच्या व्यापारावर चाले. शिक्षण विज्ञानाचं. मराठीचं अध्यापन हा त्यांचा पेशा कधीच नव्हता. तरीही मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पाया घालणारा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ त्यांच्याच हातून झाला.

1893 साली, वयाच्या बाविशीत, त्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करण्यात पुढाकार घेतला. पुढे ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढलं. ते केवळ जुनी, अप्रकाशित कविता छापण्यासाठी! पोथ्या मिळवायच्या, पाठ ताडून पाहायचे, शुद्ध संहिता वाचकाच्या हाती द्यायची. याला वर्गणीदार किती मिळणार, हे व्यापाऱ्याला कळत नसेल असं थोडंच आहे? ‘सारस्वता’वरही ते एकदा लिहून थांबले नाहीत. नवी सामग्री हाती आली की मजकूर वाढवायचा, मतं तपासायची. महानुभावांचं वाङ्मय उजेडात येऊ लागलं, तशी त्यांनी त्यालाही जागा करून दिली. त्यांच्यानंतर शं. गो. तुळपुळे यांनी या ग्रंथाला पुरवणी जोडली.

आमच्या मते, संपादकाचं खरं मोठेपण या फेरतपासणीत आहे. भाव्यांचे काही निष्कर्ष आज मागे पडले आहेत. त्यांनी वाचवलेल्या कविता मात्र अभ्यासकांना आजही लागतात.

वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर एखादं हस्तलिखित बाड असेल, तर ते रद्दीत देऊ नका. जवळच्या ग्रंथालयाला आधी दाखवा.