साखरेला पाऊस चालत नाही

गोदीत पाऊस आला की काम थांबतं. जहाजात साखर भरत असू, तर चार थेंब पडायची खोटी, वरून आरोळी येते, हॅच झाका! ताडपत्र्या पडतात, क्रेन थांबते, आम्ही टोळीवाले आडोशाला बिड्या ओढत बसतो. साखर नाटक करते असं कुणी म्हणत नाही. साखर भिजली तर मालकाचं नुकसान, म्हणून साखरेला सुट्टी.

माझ्या ताईला सुट्टी नाही.

ताई कंत्राटात रस्ते झाडते. सकाळी साडेसहाला हजेरी. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, तीन खाडे म्हणजे झाडू दुसरीच्या हातात. ही बाई एरवी दोन गड्यांचं काम ओढते. पण पाळी यायच्या आधीचे आठ-दहा दिवस ती ओळखू येत नाही. झोप नाही, सांधे दुखतात, छाती जड होते, भाकरी थापता थापता रडते, कुणी बोललं की अंगावर जाते. पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. मग तीच शरमते.

आई म्हणाली, बाहेरचं आहे. १९५६ साली आज्याने देव नदीत सोडले, भिंतीवर बाबासाहेब, आणि आई चोरून देवऋष्याकडे लिंबू घेऊन! पण आईला हसू कशाला? मी मॅट्रिक झालेला, कविता करणारा, चळवळीतला. मी काय म्हणत होतो? 'तोंड आवर, नाहीतर काम जाईल.' आणि गोदीत एखादा गडी चिडला की 'काय रे, पाळी आली काय?' म्हणून खिदळणाऱ्यांत मी पहिला. त्यापेक्षा देवऋषी परवडला. तो लिंबाचे पैसे घेऊन गप्प तरी बसतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री ताई म्हणाली, 'बाळा, लोकल येताना दिसली की पाय आपोआप पुढं जातात रे.' तेव्हा माझी फाटली. दुसऱ्या दिवशी खाडा करून तिला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत नेली. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं, दोन महिने रोज लिहा. कॅलेंडरवर आम्ही खुणा केल्या. दोन्ही महिन्यांत त्याच दिवसांत खुणांची गर्दी, पाळीनंतर कोरी पानं.

या आजाराला नाव आहे. पीएमडीडी. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात तो आहे. रक्तातले हार्मोन बहुधा ठीकच असतात, त्यांच्या नेहमीच्या चढउताराने मेंदू मात्र हलतो. सगळ्या बायकांना होत नाही, शंभरात थोड्या जणींना होतो. नैराश्यावरच्या गोळ्या यावर चालतात, काही जणींना त्या तेवढ्याच दिवसांपुरत्या देतात. ताईला फरक पडतोय.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुकादमावर तिने झाडू उगारला तो आजारच. नाही दोस्तांनो! मुकादम तिला जातीवरून बोलला होता. आजार खरा आहे आणि राग पण खरा आहे. गोळीने झोप येते, मुकादम सुधारत नाही.

राहिला प्रश्न रजेचा. बिहार सरकारने १९९२ साली आपल्या नोकरीतल्या बायकांना पाळीसाठी महिन्याला दोन दिवस दिले. कर्नाटकाने २०२५ साली महिन्याला एक दिवस पगारी रजा मंजूर केली. २०२४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, अशी सक्ती केली तर मालक बायकांना कामावरच घेणार नाहीत. ही भीती खोटी नाही. कंत्राटातली बाई अशीही उद्याच निघते. पण मालक काढील म्हणून हक्कच मागायचा नाही, तर आजवर कुणाला काय मिळालं असतं? १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी उभे राहिले. १९२९ साली कायदा झाला. गोदीत १९४८ च्या कायद्याने बोर्डं आली, आणि बोर्डाच्या कामगाराला जहाज नसेल त्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. म्हणजे रिकाम्या हातांचे पैसे देता येतात. भांडलं तर.

नाही भांडलं तर काय होतं ते बीडला जाऊन बघा. २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. खाडा पडला की दंड. पोटातलं दुखणं कापून टाकलं म्हणजे कोयता थांबत नाही. साखर कोरडी राहावी म्हणून जहाज थांबतं, आणि त्याच साखरेसाठी बाई कापली जाते!

म्हणून आपली मागणी नीट ठरवा. ताईचे वाईट दिवस पाळीच्या आधी येतात, तिला पाळीच्या दिवसाची रजा पुरत नाही. कंत्राटी कामगाराला आजारपणाची पगारी रजा पाहिजे, बाईच्या सोयीच्या दिवशी, बदली ठेवायची जबाबदारी कंत्राटदाराची, आणि परतल्यावर झाडू तिच्याच हातात.

आणि गड्यांनो, आपल्या बैठकीत एखादी बाई आवाज चढवून बोलली तर तिची तारीख मोजू नका. ती काय म्हणते ते ऐका. मी उशिरा ऐकलं. थोडक्यात वाचलो, ताईपण आणि मीपण.