लाट हवी, पण बांधापासून लांब

वेक सर्फिंग शिकायचंय म्हणता? शिका की! पण फळीआधी बोट बघा. मागे आउटबोर्ड इंजिन लटकत असेल तर सरळ नाही म्हणा. या खेळात आपण बोटीच्या अगदी पाठीशी असतो, त्यामुळे पंखा बोटीच्या पोटाखालीच हवा. बाकी फार अवघड नाही. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उताणं व्हायचं, टाचा फळीवर, गुडघे छातीशी. बोट ओढेल तसं उठायचं. आपण दोरी खेचली की गटांगळी ठरलेली! ताशी १६ ते १९ किलोमीटर वेग पुरतो. लाट ढकलू लागली, दोरी सैल पडली, की सोडून द्यायची.

माझं भांडण आहे ते जागेशी. लाट मोठी व्हावी म्हणून या बोटींत मुद्दाम पाण्याचं वजन भरतात. आणि आपल्या खाजनांचे बांध बहुतेक मातीचे. बांध फुटला की खारं पाणी शेतात, भात गेलं. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासाप्रमाणे, साध्या बोटीची लाट ६० मीटरवर जेवढी उरते, तेवढं उतरायला या लाटेला दीडशे मीटरहून जास्त अंतर लागतं. आपल्या कितीतरी खाड्या तेवढ्या रुंदसुद्धा नाहीत. मांडवी-झुवारीच्या रुंद पात्रात मधोमध जा. खाडीत नेतो म्हणणाऱ्याच्या बोटीत चढू नका, अर्ध्या पैशात नेत असला तरी.