विश्लेषण : काँगोच्या ‘जल्लादाच्या तलवारी’ खरंच जल्लादाच्या आहेत का?

कोयत्यासारखं वाकलेलं पातं, तांब्याची तार गुंडाळलेली लाकडी मूठ आणि खाली ओळख : ‘जल्लादाची तलवार’. युरोपातल्या लिलावांमध्ये मध्य आफ्रिकेतल्या तलवारी अनेकदा याच नावाने विकल्या जातात. या एका शब्दाने किंमत वाढते, पण वस्तूचा इतिहास झाकला जातो. वसाहतकाळात नेलेल्या वस्तू परत करण्याची चर्चा सुरू असताना ही ओळख महत्त्वाची ठरते.

हे नाव आलं कुठून?

काँगो आणि उबांगी नद्यांच्या परिसरातल्या न्गोम्बे आणि शेजारच्या समाजांमध्ये ‘न्गुलू’ नावाची तलवार होती. १९व्या शतकाच्या अखेरीस युरोपीय प्रवाशांनी तिने शिरच्छेद होत असल्याची वर्णनं आणि चित्रं छापली. तीच प्रतिमा रूढ झाली. प्रत्यक्षात ही तलवार प्रतिष्ठेची खूण होती आणि समारंभांत, नृत्यांत मिरवली जायची.

प्रत्येक तलवार लढण्यासाठीच होती का?

नाही. कुबा राज्यातला ‘इकुल’ हा सुरा शांततेचं प्रतीक मानला जातो. राजा श्याम याने फेकून मारायच्या सुऱ्यांवर बंदी घालून इकुल रूढ केला, अशी तिथली परंपरा सांगते. ब्रिटिश म्युझियममधल्या श्यामच्या लाकडी पुतळ्याच्या डाव्या हातातही इकुलच आहे. दुसरीकडे, टोपोके समाजातली माणसाच्या उंचीची भाल्याची पाती वधूमूल्य म्हणून दिली जात. म्हणजे शस्त्राच्या आकाराचं लोखंड पैशाचंही काम करायचं.

मग ओळख कशी पटवतात?

पात्याचा आकार, त्यावरच्या खोबणी, मुठीचं लाकूड आणि तिच्यावरचं तांबं किंवा पितळ यांवरून. पण व्यापार, लग्न आणि भेटींमधून पाती एका समाजातून दुसऱ्या समाजात जायची. त्यामुळे पातं एकीकडचं आणि मूठ दुसरीकडची, असंही घडतं. शिवाय १९००नंतर युरोपीय ग्राहकांसाठीही वस्तू बनू लागल्या. मांगबेतू सुऱ्यांच्या माणसाचं डोकं कोरलेल्या हस्तिदंती मुठींना याच मागणीमुळे जोर मिळाला.

परत देण्याशी याचा संबंध काय?

१८८५ ते १९०८ काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यात होता. त्यानंतर १९६०पर्यंत ती बेल्जियमची वसाहत होती. फेब्रुवारी २०२२मध्ये बेल्जियमने तर्व्हुरेनच्या संग्रहालयातल्या सुमारे ८४ हजार वस्तूंची यादी काँगोला दिली. त्याच वर्षी कायदाही झाला. त्यानुसार सरकारी संग्रहातल्या, गैरमार्गाने मिळवलेल्या वस्तू परत देता येतात. मात्र त्यासाठी दोन्ही देशांमध्ये करार लागतो.

खरी अडचण कुठे आहे?

पातं पाहून तलवार कोणत्या भागातली, हे सांगता येतं. ती विकत घेतली, भेट मिळाली की गाव जाळून लुटली, हे पातं सांगत नाही. ते कळतं नोंदींवरून : कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या वर्षी, कुठून आणली. हा कायदा खासगी संग्राहकांना लागू नाही. तिथे ‘जल्लादाची तलवार’ एवढीच चिठ्ठी उरली, तर ती कोणाला परत करायची हा प्रश्नच विचारता येत नाही.