दांडा गेला, डौल राहिला

पुण्यातल्या एका इटालियन रेस्तराँमध्ये या आठवड्यात पंक्तिकाराने अर्धा लिटर हाउस रेड मागवली. कॅराफ, म्हणजे वाइनची सुरई, आली आणि तिच्यामागून दोन ग्लास आले. दांडा नसलेले, पण पोट एवढं की एकट्यानेच सगळी कॅराफ गिळावी आणि वर जागा उरावी. टेबलावर पाण्याचे लहान, जाड बुडाचे ग्लास होतेच. ‘यातच ओता’ म्हटल्यावर वेटरने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर वाचक निघाले. ‘सर, तुम्हीच लिहिता ना, रोजच्या वाइनला दांडा नको म्हणून? म्हणून तर हे मागवले!’

लिहिलं होतं खरं. पण त्या लेखातला दांडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आणि माप सगळेच विसरले.

बिनदांड्याच्या ग्लासची दोन घराणी आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पहिलं ऑस्ट्रियाच्या रीडेल कंपनीचं. क्लाउस रीडेल यांनी 1973 मध्ये ‘सोमेलिये’ मालिका आणली आणि द्राक्षाच्या जातीगणिक वेगळा ग्लास हवा, हे जगाच्या गळी उतरवलं. त्याच कंपनीने 2004 मध्ये ‘ओ’ मालिका काढली. तोच मोठा, पातळ काचेचा गोल वाडगा, फक्त खालचा दांडा छाटलेला. दुसरं घराणं इटलीतल्या त्रात्तोरियांचं, म्हणजे साध्या खानावळींचं, आणि व्हेनिसच्या बाकारोंचं, म्हणजे छोट्या वाइन-गुत्त्यांचं. सरळ किंवा जरा पसरट तोंडाचा, जाड काचेचा, दीडशे ते सव्वादोनशे मिलीलिटरचा ग्लास. त्याचा दांडा कुणी छाटलेला नाही. त्याला तो कधी नव्हताच.

दोन्हींत सव्वाशे मिली वाइन ओतून पाहा. लहान ग्लास निम्म्याहून जास्त भरतो. चार-सहा घोटांत संपतो, कॅराफ पुन्हा कलते, आणि उरलेली वाइन कॅराफमध्ये गार राहते. सहाशे मिलीच्या वाडग्यात तीच वाइन तळाशी पसरून बसते, आणि तो वाडगा उचलायचा तर अख्खा तळवा नेमका तिथेच लागतो. दांड्याचं एकमेव प्रामाणिक काम हाताची ऊब वाइनपासून लांब ठेवण्याचं. रीडेलने ते काम करणारा अवयव काढला आणि ज्याच्यासाठी तो लागतो ते पोट तसंच ठेवलं. पुण्याच्या एप्रिलमध्ये याचा अर्थ काय होतो, ते सांगायला वाइनचा जाणकार सोमेलिये लागत नाही. साधी लाल वाइन पंधरा-सोळा अंशांना बरी लागते. पंचवीसच्या पुढे ती नुसती दारू लागते.

मोठ्या ग्लासच्या बाजूने सुवासाचा मुद्दा येतो. तो खोटा नाही. वाइन घोळवायला वर मोकळी जागा लागते आणि काठोकाठ भरलेल्या ग्लासात ती नसते. पण ज्यांचं पोट चव घेण्यावर चालतं त्या परीक्षकांचा 1977 चा आयएसओ प्रमाणित ग्लास दांड्यासकट असूनही जेमतेम 215 मिलीचा आहे. त्यात ते पन्नासेक मिली ओततात आणि वाइनची जन्मकुंडली मांडतात. मग जेवताना तिप्पट मोठा ग्लास कशाला? पास्त्याच्या लसणीपुढे तुम्ही कोणता सुवास हुंगणार आहात?

पंक्तिकाराचं मत वाचकांना पाठ आहे. मोठा ग्लास पिणाऱ्यासाठी नसतो, विकणाऱ्यासाठी आणि फोटोसाठी असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी ‘बीएमजे’मध्ये 2017 साली दाखवलं की इंग्लंडमधला वाइनचा ग्लास अठराव्या शतकात सरासरी 66 मिलीचा होता आणि त्यांच्या अभ्यासापर्यंत 449 मिलीचा झाला होता. मोठ्या ग्लासांनी विक्री वाढते का, हेही त्यांनी बारमध्ये तपासलं. पहिल्या प्रयोगात वाढली, पुढच्या काहींत निकाल इतका स्वच्छ राहिला नाही. पंक्तिकाराला पहिला प्रयोग पुरतो.

इटलीत माप ग्लासात नसतं, सुरईत असतं. हा हिशेब जुना आहे. पोप सिक्स्टस पाचवे यांनी 1588 मध्ये रोमच्या खानावळींना ठरावीक मापांची काचेची भांडी लावली, कारण अपारदर्शक भांड्यात मालक किती कमी ओततो ते गिऱ्हाइकाला दिसत नसे. त्यातली अर्ध्या लिटरच्या आसपासची ‘फोयेत्ता’ रोमच्या बोलीत आजही आहे. पाव लिटरचा ‘क्वार्तीनो’ तर कुठल्याही त्रात्तोरियात मागा. क्वार्तीनो म्हणजे दोन लहान ग्लास, अर्धा लिटर म्हणजे चार. आपल्याकडच्या तांब्या-भांड्यासारखंच आहे हे. तांब्यात किती आहे ते ठाऊक असतं, भांडं फक्त तोंडापर्यंत नेण्यासाठी.

आणि ही गरिबाची सोय आहे असं कुणाला वाटत असेल, तर व्हेनिसच्या हॅरीज बारकडे पाहावं. जुझेप्पे चिप्रियानी यांनी 1931 मध्ये उघडलेल्या या बारमधल्या किमती ऐकून माणूस शुद्धीवर येतो, आणि तिथलं प्रसिद्ध बेलिनी कॉकटेल येतं ते लहानशा बिनदांड्याच्या ग्लासात. मार्टिनीसुद्धा तशाच. इटलीतल्या एमिलियात तर लांब्रुस्को या वाइनसाठी ग्लासही नसे; पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीतून ती प्यायची जुनी रीत.

एक वाचक हटकून लिहितील की सास्सिकाइयासारखी जगप्रसिद्ध इटालियन वाइनसुद्धा कितीतरी वर्षं कागदोपत्री ‘टेबल वाइन’च होती, तीही पाण्याच्या ग्लासात ओतायची का? नाही. तो इटलीच्या 1963 च्या वर्गवारी कायद्याचा विनोद होता. सास्सिकाइयाच्या बोल्गेरीत काबर्ने लावून कुणी जगप्रसिद्ध होईल हे त्या कायद्याच्या गावी नव्हतं. इथे बोलणं चाललंय ते उघडल्या दिवशी संपवायच्या वाइनचं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली वाइन कंपनीने इटालियन भागीदारांबरोबर सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष लावलं, तेव्हापासून त्या वाइनसाठी विमानतळावर वाट पाहावी लागत नाही. आता तिला घरच्यासारखं वागवायलाही हरकत नसावी.

विकत घ्यायचे तर टेम्पर्ड काचेचे घ्या. ती तापवून झटकन गार केलेली असते, सहजी फुटत नाही आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत. बोर्मियोली रोक्कोचे ‘बोदेगा’ एकात एक बसतात, कपाटात जागा खात नाहीत. लहान आकार मागा, दुकानदार मोठा पुढे करतोच. इटालियनच हवेत असा हट्टही नको. रविवार पेठेत पाण्याचे म्हणून डझनाने मिळणारे चालतील. कड फार जाड नको, बूड जड हवं, आणि पाणी भरून मोजल्यावर दोनशेच्या आसपास भरलं की झालं.

दांड्याचे ग्लास फेकून देऊ नयेत. ज्यांच्याकडे दहा वर्षं ठेवलेली बारोलो आहे त्यांनी ते जरूर पुसून ठेवावेत, आणि बाटली उघडायची तारीख पंक्तिकाराला कळवावी.

– पंक्तिकार