दोस्ताची बाजू घेताना

रमजानमध्ये दुपारच्या सुट्टीत शाळेच्या नळापाशी एक प्रसंग हमखास घडतो. आठ-नऊ वर्षांच्या पोराने हट्टाने रोजा धरलेला असतो. पहाटे आईबरोबर सहरीला उठलेला, वर्गात चार जणांना ऐटीत सांगून झालेले. दुपारी ऊन तापते, घसा कोरडा पडतो. इकडेतिकडे बघून तो नळाखाली ओंजळ धरतो, पाणी पितो आणि वळून पाहतो तर मागे जिवलग मित्र उभा. हा मित्र कदाचित दुसऱ्या धर्माचा असतो. दोस्ताचा रोजा आहे म्हणून आज तो आपला डबा घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जेवलेला असतो. ‘कुणाला सांगू नको, शप्पथ.’ मित्र मान हलवतो.

त्याने सांगू नयेच. वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. त्या घोटभर पाण्याने कुणाचे काही बिघडलेले नाही. जो दुसऱ्याचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह झाकतो, अशा अर्थाची हदीस आहे. फार तर मित्राने त्याला एकट्याला गाठून म्हणावे, ‘झेपत नसेल तर उद्या अर्ध्या दिवसाचा धर, पण खोटी ऐट कशाला?’ एवढे तोंडावर सांगणारा मित्र लहानपणी मिळाला तर ती कमाईच.

आता तेच दोघे, महिनाभराने. मैदानात क्रिकेट चालले आहे. रोजा धरणाऱ्या त्या पोराचा चेंडू मुख्याध्यापकांच्या खोलीची काच फोडतो. सगळे पळतात. बॅट उचलून ठेवायला थांबलेला तिसराच मुलगा सापडतो. तो वस्तीतून येणारा, गणवेशाचे बटण तुटलेला, आधीच ‘वांड’ म्हणून वहीत नाव असलेला. मार त्याला बसतो. संध्याकाळी दोस्त पुन्हा म्हणतो, ‘शप्पथ, सांगू नको.’

शब्द तेच आहेत, मैत्रीही तीच. पण गोष्ट पार बदललेली आहे, कारण आता मध्ये एक तिसरा उभा आहे.

घरातली आणि शाळेतली मोठी माणसे या दोन्ही प्रसंगांना एकच नाव देतात: चहाडी. त्यातही त्यांचा एक कायदा नसतो. काच शेजारच्या पोराने फोडली तर ‘खरे बोलायला घाबरायचे नाही’ आणि घरच्या पोराने फोडली तर ‘चोंबडेपणा करू नकोस’. मूल हे सगळे टिपत असते. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांचे मुलांच्या नैतिक समजुतीवरचे पुस्तक १९३२ साली निघाले. मुलांबरोबर गोट्या खेळत, गोष्टी सांगत त्यांनी प्रश्न विचारले होते. भावाने केलेली खोडी वडिलांना सांगावी का, यावर लहानग्यांचा कल सांगून टाकण्याकडे होता. वय वाढलेल्या मुलांना भावाशी इमान राखणे मोठे वाटू लागले होते. यात बिघडण्यासारखे काही नाही. मोठ्यांच्या धाकाबाहेर पडून मूल बरोबरीच्या नात्यात येते, तेव्हा इमान हीच त्याची पहिली नीती असते. प्रश्न एवढाच, की ते इमान तिथेच थांबते का.

रमजानचा या साऱ्याशी संबंध आहे. ज्याने खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असे हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. दिवसभर उपाशी राहणाऱ्याला हा इशारा जरा कठोर वाटेल. पण रोजा पोटाइतकाच जिभेचाही असतो, आणि दोस्तीखातर बोललेले खोटे त्यातून सुटत नाही.

मदीनेतली एक हकीकत या बाबतीत पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामधील १०५ ते ११३ या आयतींच्या संदर्भात तफसीरचे जुने ग्रंथ ती सांगतात. तपशील थोडेफार वेगळे सापडतात, पण गाभा एकच. एका घरातून चिलखत चोरीला गेले. संशय एका मुसलमान टोळीतल्या माणसावर होता. चोरीचा माल एका यहुदी माणसाकडे सापडेल अशी व्यवस्था झाली. मग टोळीतली माणसे जमली आणि पैगंबरांकडे गेली. आमचा माणूस सज्जन आहे, चोर तो यहुदी आहे, आमच्या माणसाची बाजू घ्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या दृष्टीने हे इमानच होते. आपल्याच रक्ताच्या, आपल्याच धर्माच्या माणसाला ते उघडे कसे पाडणार? मदीनेत यहुदी टोळ्यांशी राजकीय ताणही होता.

अशा वेळी आलेल्या आयती यहुदी माणसाला निर्दोष ठरवतात. विश्वासघातक्यांचे वकील होऊ नका, असा त्यांचा आशय. या जगात तुम्ही त्यांच्यासाठी भांडाल, पण कयामतच्या दिवशी कोण भांडेल, असा सवाल. आणि स्वतः गुन्हा करून तो निरपराधावर ढकलणाऱ्याच्या माथी दुहेरी ओझे. त्याच सूरहमध्ये पुढे, १३५ व्या आयतीत, न्यायाची साक्ष देताना ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध जाणारी असली तरी डगमगू नका, असा आदेश आहे. मित्राचे नाव त्या यादीत वेगळे नाही. आईबापही सुटत नाहीत तिथे दोस्त कसा सुटेल?

मग मित्राला वाऱ्यावर सोडायचे का? बुखारीतलीच दुसरी एक हदीस आहे. भाऊ जुलूम करणारा असो की जुलूम सोसणारा, त्याला मदत करा, असे पैगंबर म्हणाले. ऐकणारे चक्रावले. सोसणाऱ्याला मदत समजली, पण जुलूम करणाऱ्याला मदत कशी? त्याचा हात धरा, हीच त्याला मदत, असे उत्तर मिळाले. काच फोडणाऱ्या दोस्ताबरोबर मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत चालत जाणे हे त्यात बसते. एकट्याने आत जायला पाय लटपटतात. शेजारी कुणी असेल तर जमते. तो तयार झालाच नाही तर मात्र त्या तिसऱ्या मुलासाठी मित्राला एकट्याने आत जावे लागेल. दोस्ती चार दिवस ‘कट्टी’ होईल. कदाचित कायमची. ही किंमत लहान नाही, आणि मुलांना ती लहान आहे असे सांगूही नये.

महाभारतात अशी किंमत विकर्णाने मोजली. द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही, असे भर सभेत तो कौरवांचा भाऊ म्हणाला, तेव्हा त्याला झिडकारणारा होता दुर्योधनाचा जिवलग मित्र कर्ण. कर्णाच्या मैत्रीच्या गोष्टी घरोघरी सांगतात. त्या आहेतच मोठ्या. विकर्णाचे नाव मात्र अनेक मुलांना ठाऊकही नसते. खरे बोलून तो भावांना सोडून गेला नाही, युद्धात त्यांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला. दुर्योधनाला त्या दिवशी कर्णापेक्षा विकर्णासारख्यांची अधिक गरज होती, हे म्हणायला धाडस लागू नये.

हजरत अबूबकर (र.) आणि पैगंबर हे तरुणपणापासूनचे स्नेही. मेराजची वार्ता ऐकून विरोधक हसत अबूबकर यांच्याकडे आले, तेव्हा ते सांगत असतील तर खरेच आहे, असे त्यांनी उत्तर दिले आणि ‘सिद्दीक’ ठरले. ही आंधळी पाठराखण नव्हती. ज्याला मक्केतले लोक आधीपासून ‘अल-अमीन’, विश्वासू, म्हणत, त्याचा शब्द त्यांनी अनेक वर्षे जवळून पारखला होता. पुढे ६३२ साली खलिफा होताच पहिल्या भाषणात त्यांनी, आपण चुकलो तर आपल्याला सरळ करा, असे लोकांना सांगितले. आपल्याला कुणी सरळ केलेले सहन करणारा माणूसच दोस्ताच्या खरेपणावर एवढा विसंबू शकतो.

शाळेच्या मैदानावर शिकलेले गावाच्या चौकात वापरले जाते. मोहल्ला असो की आळी, भांडण पेटले की पहिला प्रश्न ‘चूक कुणाची’ असा नसतो, ‘पोरगा कुणाचा’ असा असतो. शांतता समितीच्या बैठकीत पोक्त माणसे आपापल्या पोरांच्या सज्जनपणाची हमी देतात, आणि खरे काय घडले ते पाहिलेला एखादा तरुण मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेला असतो. लहानपणी त्याने कुणाला तरी शप्पथ दिलेली असते.

दहावीच्या बॅचचा आता व्हॉट्सअॅप ग्रुप होतो, पंचवीस-तीस वर्षांनी स्नेहमेळावा होतो. रमजान असला तर कुणी सगळ्यांसाठी इफ्तारही ठेवतो. खजूर, कलिंगड, भजी खाता खाता ती काच खरे तर कुणी फोडली होती, हे कुणीतरी हसत सांगतो आणि टाळ्या पडतात. मार खाल्लेला तो मुलगा बहुधा आलेला नसतो. त्याचा नंबर कुणाकडे नसतो.