तुमच्या कॉलेजचा स्कोअर काय झाला?

तुमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन कोण आहे, सांगा बरं. मोबाइल खाली ठेवून सांगा. तसंही मोबाइलवर सापडणार नाहीच.

नाही ना आठवत? मलाही नव्हतं सांगता येत. आयपीएलच्या लिलावात कोण किती कोटींना गेला, कोणाच्या यॉर्करवर कोण हमखास आउट होतो, कोणत्या फुटबॉलपटूचा गुडघा दुखतोय आणि तो किती आठवडे बाहेर, हे मात्र रात्री दोनला उठवून विचारलं तरी मी सांगते. आपण खेळाचे फॅन आहोत, हे शंभर टक्के खरं. पण कोणाचे फॅन आहोत यावर एकदा बोलायला पाहिजे, आणि ते मी आज बोलणार आहे. राग आला तर येऊ द्या.

आमचा एक ग्रुप आहे, अकरा जणांचा. फर्स्ट इयरला असताना एका मॅचच्या रात्री कोणीतरी कोणालातरी अ‍ॅड केलं, त्यानं अजून दोघांना. नऊ मुलं, दोन मुली. मी बुलढाण्याची, बाकीचे खामगाव, चिखली, मेहकर, नांदुरा, मोताळा, जळगाव जामोद असे विखुरलेले. कॉलेजं वेगळी, शाखा वेगळ्या. बहुतेकांचे नंबर मी गावाच्या नावानंच सेव्ह केलेत. त्यामुळे रात्री अकरा वाजता माझ्या मोबाइलवर 'मेहकर' 'चिखली'ला शिव्या घालत असतो. ग्रुपचं नाव दर सीझनला बदलतं, डीपी दर हरलेल्या मॅचला.

पहिलं वर्ष आम्हा दोघी मुलींचं तोंडी परीक्षेत गेलं. 'एलबीडब्ल्यू म्हणजे काय सांग.' 'तू खरंच मॅच पाहते की फक्त खेळाडू पाहते?' मग एका रात्री डीआरएसवरून वाद पेटला. जळगाव जामोदच्या मैत्रिणीनं पिचिंग, इम्पॅक्ट, अंपायर्स कॉल, सगळं तीन व्हॉइस नोटमध्ये समजावून सांगितलं. खणखणीत आवाजात. त्या दिवसापासून कुठला निर्णय वादाचा झाला की मुलं तिलाच टॅग करतात. सॉरी कोणी म्हणालं नाही. आमच्याकडे सॉरी असंच असतं.

दीडेक वर्षानं आम्ही पहिल्यांदा समोरासमोर भेटलो, शेगावला. अकरापैकी सात जण आले. कचोरी झाली, चहा झाला. ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणारा नांदुऱ्याचा मुलगा खाली मान घालून चहाचा ग्लास फिरवत बसला होता. शेवटी कोणीतरी म्हणालं, "अबे, बोलता येत नसन तं टाइप कर ना!" आणि पठ्ठ्यानं खरंच आमच्यासमोर बसून ग्रुपवर मेसेज टाकला.

मोबाइलमधले मित्र हे काय मित्र, असं मोठी माणसं म्हणतात. मला नाही पटत. बुलढाणा शहराला रेल्वे स्टेशन नाही. संध्याकाळची एसटी गेली की ज्याचं गाव त्याला. मेहकरच्या मुलानं आणि जळगाव जामोदच्या मुलीनं रात्री साडेदहाला एकत्र सुपर ओव्हर पाहायची, हे आपल्या जिल्ह्यात मोबाइल नसता तर झालं असतं का? घरात तर सोडाच, कट्ट्यावरही नाही.

आमच्या ग्रुपचा सगळ्यात भारी दिवस क्रिकेटचा नव्हता. २० मे २०२३, शनिवार. शांघायमध्ये तिरंदाजी विश्वचषकाच्या दुसऱ्या टप्प्याची फायनल, आणि त्यात बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. समोर जगातला एक नंबरचा खेळाडू, नेदरलँड्सचा माईक श्लोसर. आमच्यातल्या एकालाही कंपाउंड आणि रिकर्व्हमधला फरक माहीत नव्हता. मॅच चालू असताना शिकलो. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना चाकं असतात, निशाणा ५० मीटरवर, तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, दीडशेपैकी गुण. काहींकडे व्हिडिओ चालला, काहींकडे नुसतं चक्र फिरत राहिलं, म्हणून चिखलीच्या मुलानं एकेक बाण टाइप केला. नुसते आकडे. ते आकडे वाचताना माझे हात थंड पडले होते. प्रथमेश १४९, श्लोसर १४८. पंधरा बाणांत फक्त एक गुण गेला! तो तेव्हा १९ वर्षांचा होता. मीही १९ची होते, आणि माझा एक विषय राहिला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या हर्मोसिल्लोत वर्ल्ड कप फायनल झाली. तिथं शेवटच्या लढतीत प्रथमेश आणि डेन्मार्कचा मथियस फुलर्टन १४८-१४८ असे बरोबरीत. मग एक-एक बाण. दोघांचाही दहात. फुलर्टनचा केंद्राच्या जास्त जवळ, म्हणून सुवर्ण त्याचं. ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग मेहकरनं लिहिलं, "मले झोप नाही येऊन राह्यली." अजून चौघांनी लिहिलं, मलेबी. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि आपला प्रथमेश यांनी दक्षिण कोरियाला हरवून सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हा कुठे तो हिशेब मिटला.

इथपर्यंत आम्ही किती चांगले फॅन, असं वाटलं असेल. थांबा. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूत भारताच्या पुरुष कंपाउंड संघानं जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पहिल्यांदाच. बातमीत 'प्रथमेश' दिसलं आणि लोकांच्या स्टेटसवर 'बुलढाण्याचा वाघ'चे बॅनर फिरू लागले. आमच्या ग्रुपवर तीन. मीही झेंडे टाकले. अर्ध्या तासानं चिखली म्हणाला, "अबे, हा फुगे हाये. जावकर नाही." ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे. आमच्या हिरोचं आडनाव वाचायलाही आम्ही थांबलो नव्हतो.

आणि बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्येच चीनमधल्या चेंगडूला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं होतं, हे मला कधी कळलं? २०२३ मध्ये, प्रथमेशच्या बातम्या शोधताना. चार वर्षं उशिरा, आणि तेही त्याच शहरात राहून. म्हणजे जग आधी टाळ्या वाजवतं, मग आपण. बाहेरून शिक्का आल्याशिवाय आपल्या शेजारचा खेळाडू आपल्याला दिसतच नाही.

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे. क्रिकेटच्या गप्पांत हळूहळू टीम लावणं आलं. आधी ४९ रुपये, मग शंभर, मग 'आज पक्का आहे, पाचशे लाव'. २०२५च्या आयपीएलमध्ये मोताळ्याचा मित्र एका रात्री ग्रुप सोडून गेला. आम्ही काय केलं? हसणारे स्टिकर टाकले. 'पळाला.' 'रडका.' दोन महिन्यांनी बसस्टँडवर भेटला तेव्हा कळलं, परीक्षेच्या फॉर्मचे आणि मेसचे मिळून ३,८०० रुपये गेले होते. घरी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. रोज रात्री दोनशे मेसेज करणाऱ्या दहा जणांपैकी एकानंही त्याला फोन केला नाही. मीही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. ('आयडी पाहिजे का' असे मेसेज अजूनही येतात. तो सरळ सट्टा आहे, त्या वाटेला जाऊ नका.) पण मला खरा धक्का नंतर बसला. आमचा ग्रुप शांत झाला. मॅच सुरू असायची आणि कोणी बोलायचं नाही. चार वर्षं आम्ही नेमके कशाचे मित्र होतो, असा प्रश्न पडला. क्रिकेटचे, की अकराव्या खेळाडूला घेऊ की नको याचे?

तीनेक आठवडे असेच गेले. मग एका दुपारी मला मोताळ्याचा मेसेज आला, एकटीला. त्याच्या कॉलेजच्या मैदानावर मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी चालू होती. "एक पोरगी ओरडून राह्यली. आवाज ओळखीचा वाटते. ते डीआरएसवाली हाये का?"

तीच होती. शेगावला तो आला नव्हता, त्यामुळे तिला कधी पाहिलं नव्हतं. व्हॉइस नोटमधल्या आवाजावरून ओळखलं. जळगाव जामोदची आमची मैत्रीण तिच्या कॉलेजच्या संघाची कॅप्टन आहे. चार वर्षं आम्ही तिला अंपायर्स कॉल विचारत राहिलो आणि तू काय खेळतेस, हे एकदाही विचारलं नाही. नंतर तिला म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "कोणाला सांगू? तुम्हाला पॉइंट टेबल पाहिजे असतं."

मी त्याला परत ग्रुपमध्ये घेतलं. तो काही बोलला नाही, थेट स्कोअर टाकायला लागला. ९-१२. ११-१२. बोनस. सुपर टॅकल. लोण बसला. कोणी एसटीत, कोणी लायब्ररीत, कोणी शेतात मोटार चालू करायला गेलेला, आणि सगळे मोबाइलला चिकटलेले. नांदुरा तर 'तिला उजवीकडून चढाई करायला सांग' असं ओरडत होता, टाइप करून. शेवटी २७-३१. हरली. त्या दिवशी कोणी डीपी बदलला नाही. रात्री ती ऑनलाइन आली. "येडे झाले का तुम्ही? १४३ मेसेज! माझा घोटा सुजलाय, वाचू की शेकू?"

अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. खेळतात कॉलेजची मुलं. मला ते जसंच्या तसं इथं नको. तिथं तो अफाट पैशांचा धंदा झालाय. पण आपल्याकडे काय आहे ते पाहा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात पाच जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ, राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध', पुढे खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. आपल्याच बेंचवरची मुलं-मुली या रस्त्यानं जातात, कलर होल्डर होऊन परत येतात, आणि वर्गात लोक विचारतात, 'इतके दिवस कुठं होतीस, असाइनमेंट झालं का?' मैदानाला बघे कोण? पुढची मॅच असलेला दुसरा संघ, स्पर्धेला आलेले दोन-तीन सर, आणि कडेनं पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं.

कॉलेजांना माझं एक मागणं आहे. सामन्यांचं वेळापत्रक स्पोर्ट्स रूमच्या बाहेर चिकटवून ठेवू नका, ते तिथं फक्त खेळाडूच वाचतात. मुलांच्या ग्रुपवर टाका, आणि संध्याकाळी निकालही टाका, हरलेला असला तरी. एवढ्याला निधी लागत नाही.

आणि तुम्हाला सांगायचं ते हे की लगेच मोबाइल स्टँडला लावून लाइव्ह सुरू करू नका. विशेषतः मुलींचा सामना असेल तर आधी त्यांना विचारा. लाइव्हखाली कोण काय लिहून जातं, हे आपण सगळे पाहतो, आणि ते वाचायला त्या खेळत नाहीत. नुसता स्कोअर टाइप करा. शांघायला आम्ही आकड्यांवरच रडलो होतो, व्हिडिओवर नाही. दोस्त हरला की स्टिकर टाकायच्या आधी फोन करा. हे मी स्वतःलाही सांगतेय.

लॉस एंजलिसच्या २०२८ ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजी पहिल्यांदा येतेय, तीही फक्त मिश्र सांघिक, म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी. भारताकडून कोण जाईल यावर आमच्या ग्रुपवर आत्तापासून मारामारी सुरू आहे. ती चालू राहील. पण सध्या वर पिन केलेला मेसेज वेगळा आहे. येत्या बुधवारी जळगाव जामोदच्या मैत्रिणीचा पुढचा सामना आहे, खामगावला, सकाळी अकरा वाजता. घोटा बरा आहे असं ती म्हणते, पण खोटं बोलतेय असा मला संशय आहे. मोताळ्यानं विचारलंय, कोण-कोण येणार? आत्तापर्यंत पाच जण आहेत. नांदुरा येतो म्हणाला, पण ओरडायचं काम दुसऱ्या कोणालातरी द्या म्हणतोय.