‘विनोदी असूनही’

विनोदी नटाने एखादी गंभीर भूमिका उत्तम वठविली की आमचे समीक्षक ‘विनोदी नट असूनही’ हे शब्द हटकून योजतात. वरकरणी ही स्तुती. वस्तुतः हा पुराव्यावाचून केलेला आरोप आहे. हसविणारा मनुष्य गांभीर्यास मुळातच अपात्र, असे गृहीत धरल्याखेरीज ‘असूनही’ हा शब्द लिहिताच येत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचेच प्रकरण घ्या. १९९२ साली जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ काढला, लेखन पु. ल. देशपांडे यांचे. तमाशातल्या सोंगाड्याची ही कथा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरली. तिकीटबारीवर मात्र चालली नाही. लगेच निवाडा झाला : हा नट गंभीर भूमिकेत चालत नाही! गंभीर नटाचा विनोदी चित्रपट पडला तर दोष कथेचा. विनोदी नटाचा गंभीर चित्रपट पडला तर दोष नटाचा. एकाच कसुरीला दोन कायदे कसे? बेर्डे २००४ साली निवर्तले. हा निवाडा फिरविण्याची संधी त्यांना फारशी मिळालीच नाही.

दुसरी साक्ष दिलीप प्रभावळकरांची. ‘चौकट राजा’तला नंदू (१९९१), ‘झपाटलेला’तला तात्या विंचू (१९९३) आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी (२००६) ही तिन्ही एकाच नटाची रूपे. चिमणरावाची भाबडी धांदल ज्या नजरेने टिपली, त्याच नजरेने नंदूचे निरागस दुःखही टिपले. किंबहुना विनोदाची परीक्षा अधिक कठोर. गंभीर प्रसंगातली क्षणाची चूक पार्श्वसंगीत झाकून टाकते. विनोदातली चूक प्रेक्षकांच्या स्तब्धतेने तत्काळ उघडी पडते.

‘प्रेक्षकांनाच हे नको असते’, असा बचाव निर्माते करतील. तो टिकणारा नाही. आमच्या दशावतारातला संकासुर वेद चोरणारा दैत्यही आहे आणि लोकांना लोटपोट हसविणारा सोंगाडीही. गोव्याच्या तियात्राचा प्रेक्षक एकाच रात्री हसतो आणि डोळेही पुसतो. कप्पे त्याने केलेले नाहीत. ते केले चित्रपटाच्या बाजाराने आणि पुरस्कार देणाऱ्यांनी. ‘फिल्मफेअर’ने तर १९६७ पासून सुमारे चार दशके विनोदी भूमिकेचा पुरस्कार निराळाच ठेवला, जणू तो अभिनयच नव्हे!

तेव्हा समीक्षकांनी ‘असूनही’ खोडावे आणि ‘म्हणूनच’ लिहावे. निर्मात्यांनीही गंभीर भूमिका योजताना या नटांना वगळण्याआधी कारण द्यावे. ‘हा हसवितो’ हे कारण कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही.